साळवे यांच्या गाडीचा ठिपका

जबाब

दि. १४ मार्च

मी, जेनेव्हिव्ह क्लेमेंट कोरिया, वय ३१ वर्षे, व्यवसाय मोबाईल अ‍ॅपचे डिझाईन, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर माझी आई ल्युसी हिच्यासह राहते. वडील हयात नाहीत. साकीनाका येथे धातूचे साचे (डाय) बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पोटमाळ्यावर आमचे ऑफिस आहे. तिथे मी आणि माझा भागीदार प्रांजल मेस्त्री असे दोघेच काम करतो. अ‍ॅपमध्ये काय दिसेल, कुठले बटण कुठे असेल, हे मी ठरवते आणि काढते. ते चालते करण्याचे काम प्रांजल करतो.

गेल्या वर्षापासून आम्ही 'गाडी कुठाय' नावाचे अ‍ॅप बनवत आहोत. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या खाण्याच्या गाड्या, ज्यांना फूड ट्रक म्हणतात, त्या या अ‍ॅपमध्ये नकाशावर नारिंगी ठिपक्यांनी दिसतात. ठिपक्याला बोट लावले की त्या गाडीवर आज काय आहे आणि गाडी तिथे किती वाजेपर्यंत थांबणार हे कळते. गिऱ्हाईक फोनवरून ऑर्डर देते आणि गाडीवर येऊन घेऊन जाते. गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहिता येतो, तारे देता येतात आणि फोटो टाकता येतो. फोटोची सोय असावी असे प्रांजलने सुचवले होते. ती जागा मी काढली.

अ‍ॅप कसे असावे हे समजण्यासाठी मी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागातल्या गाड्यांवर जाऊन उभी राहत असे. गाडीवाले काम कसे करतात ते बघत असे. बहुतेकांच्या जागा ठरलेल्या आहेत. 'भाकर' नावाची एक पांढरी गाडी मात्र एका जागी लागोपाठ दोन दिवस कधी दिसली नाही. ती गाडी चैतन्य साळवे, वय अंदाजे २८, आणि त्याची पत्नी शीतल, वय अंदाजे २५, हे दोघे चालवतात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, ठेचा असे जेवण त्यांच्याकडे मिळते. दोघे मूळचे परभणी जिल्ह्यातले, एकाच गावचे.

मी चैतन्यला विचारले होते की, तू एक जागा का धरत नाहीस, गिऱ्हाईक रोज शोधत फिरणार का? तो म्हणाला, "जागा धरली की वाट लागली समजा, ताई." मला वाटले तो महापालिकेच्या गाडीबद्दल बोलतो आहे. शीतल हसली आणि तिने मला गरम भाकरी दिली.

पुढे माझे तिथे जाणे-येणे वाढले. शीतलचे हात सतत पिठात असायचे, त्यामुळे फोनवर बोट लावणे तिला जमायचे नाही. तिच्यासाठी मी ऑर्डर घेण्याचे बटण एवढे मोठे केले की ते कोपराने दाबता येईल. ते बघून ती खूश झाली. मग म्हणाली, "अजून एक करता का? ऑर्डर आली की वाजू देऊ नका. नुसता उजेड पडू द्या. एकदम वाजलं की मी दचकते." मी आवाज काढून टाकला आणि तिथे नुसता उजेड ठेवला. बाकीच्या गाडीवाल्यांनाही तो आवडला. ती का दचकते हे मी त्या वेळी विचारले नाही.

आमच्या अ‍ॅपवर गाडी घालायला चैतन्य आधी तयार नव्हता. जानेवारीत तो स्वतः ऑफिसात आला. म्हणाला की धंदा पुरत नाही, रोज नवीन जागा म्हणजे रोज नवीन गिऱ्हाईक, आणि आता खर्च वाढणार आहे. त्याने दोन अटी घातल्या. दोघांची नावे आणि फोटो कुठेही येऊ नयेत. आणि गाडीची फळी उघडली की ठिपका दिसावा, फळी पाडली की ठिपका जावा. दोन्ही मी मान्य केल्या आणि प्रांजलने तसे करून दिले. खर्च कशाचा हे शीतलने मला नंतर सांगितले. तिला दिवस गेले होते. फोडणीचा वास सहन होईना म्हणून ती तोंडाला रुमाल बांधून उभी राहत असे.

त्याच सुमारास तिने मला बाकीचे सांगितले. आम्ही गाडीच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. तिने सांगितले की त्यांनी दोन वर्षांपूर्वी मुंबईत येऊन नोंदणी पद्धतीने लग्न केले. तिच्या घरच्यांना ते मान्य नाही. मी विचारले, का? ती म्हणाली, "तो बौद्ध आहे ना ताई. एवढंच. बाकी माझ्या दादाचा तर तो दोस्त होता. एका ताटात जेवायचे शेतात." मी विचारले, अजून शोधतात का? ती म्हणाली, "माझा दादा जयवंत शांत माणूस आहे. ओरडत नाही, मारत नाही. एखादी गोष्ट मनात घेतली की बसून राहतो. बैल हरवला होता आमचा, तर आठ दिवस घरी आला नाही. घेऊनच आला." मी तिला पोलिसांत कळवून ठेवायला सांगितले. ती म्हणाली की चैतन्य म्हणतो, कळवायचे म्हणजे पत्ता द्यायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी एका गिऱ्हाइकाने त्यांच्या गाडीच्या पानावर ताटाचा फोटो टाकला. ताटाच्या मागे गाडीत उभी असलेली शीतल दिसत होती. रुमाल मानेवर होता. मी तो पाहिला तेव्हा लगेच काढून टाकला, पण तोपर्यंत तो दोन दिवस तिथे होता. मी शीतलला सांगितले. तिने रुमाल पुन्हा तोंडावर ओढला. मग म्हणाली, "चेहरा निम्माच आहे ना? मग बघू."

त्यानंतर 'दादा' या नावाने एक गिऱ्हाईक अ‍ॅपवर आले. ते रोज साळवे यांच्या गाडीवर एक आमटी मागवायचे, गाडीने ऑर्डर घेतली की रद्द करायचे. ऑर्डर घेतल्यावर गाडी किती वाजेपर्यंत थांबणार ते दिसते. असे गिऱ्हाईक इतर गाड्यांनाही भेटते, म्हणून प्रांजलला त्यात विशेष वाटले नाही. मलाही वाटले नाही. नावही साधे होते, मुंबईत कोणीही कोणालाही दादा म्हणते.

दि. १० मार्च रोजी दुपारी त्याच नावाने अभिप्राय आला. पाच तारे दिले होते. मजकूर असा होता: "येसराची आमटी एकदम घरच्यासारखी. आमच्या आईच्या हाताची आठवण झाली. उद्या सगळे येतो."

गाडीच्या पानावर त्या आमटीचे नाव 'मसाला आमटी' असे आहे. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले पीठ; हा शब्द मुंबईत कोणाला कळत नाही म्हणून तो मीच बदलायला सांगितला होता. पानावर तो कुठेही नाही. मी शीतलला फोन करून मजकूर वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला. ती म्हणाली, "आई येसर भाजताना त्यात चमचाभर जवस घालते. गावात दुसरं कोणी घालत नाही. मी पण घालते." मग तिने फोन चैतन्यला दिला.

चैतन्यने सांगितले की गाडी माहुलला त्याची मावशी वनमाला हिच्या इमारतीखाली नेऊन लावतो आणि आम्ही काही दिवस तिच्याकडे राहतो. मी म्हटले, आत्ता जा. तो म्हणाला की दुसऱ्या दिवशी घाटकोपरला एका कंपनीतल्या लोकांचे जेवण घेतले आहे, माल भरला आहे, ते देऊन दुपारी निघू. मी त्याला खूप समजावले. तो म्हणाला, "ताई, दोन वर्षं आम्ही हेच करायलोत. एक दिवसानं काय होतंय?"

दि. ११ रोजी सकाळी मी आणि प्रांजलने असे ठरवले की साळवे यांची गाडी घाटकोपरला असताना तिचा ठिपका मुलुंडला दाखवायचा. पुलाखाली वगैरे गाडीची जागा नकाशावर चुकते, ती दुरुस्त करण्यासाठी ऑफिसातून ठिपका हाताने हलवता येतो. मुलुंडला हायवेलगत पोलीस चौकी आहे. तिच्यासमोर झाडाखाली गाड्या उभ्या राहतात. ठिपका तिथे ठेवायचा, मी जाऊन चौकीवर सांगायचे, ते लोक आले तर पोलिसांसमोरच येतील, असा माझा विचार होता. प्रांजल म्हणाला, "जेनी, ठिपका उडी मारेल. घाटकोपरवरून एकदम मुलुंड. बघणाऱ्याला कळेल." मी म्हटले, "कोण बघत बसलंय एवढं?" त्याने ठिपका हलवला.

मी स्कूटरने मुलुंडला पोचले आणि चौकीवर हजर असलेल्या हवालदारांना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतले. त्या लोकांचे फोटो आहेत का, धमकी दिली आहे का, असे विचारले. मी त्यांना तो अभिप्राय दाखवला. त्यात धमकी असे काही नव्हते. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथेच बसा. कोण आलं तर मला हाक मारा."

थोड्या वेळाने झाडाखाली एक पांढरी जीप येऊन थांबली. नंबर मी नंतर आपल्याला लिहून दिला आहे. तिच्यातून एक इसम उतरला. वय अंदाजे ३२, उंच, सावळा, पांढरा शर्ट. आत आणखी दोघे बसून होते. तो इसम इकडेतिकडे न बघता सरळ माझ्याकडे आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. अ‍ॅप कोणी बनवले त्या पानावर माझा फोटो आहे. त्याने आधी नमस्कार केला. तो जयवंत होता हे त्याने स्वतः सांगितले.

आमच्यात झालेले बोलणे मला आठवते तसे सांगते.

तो म्हणाला, "ताई, गाडी कुठाय?"

मी म्हटले, "कुठली गाडी?"

तो म्हणाला, "फोनवर तर इथंच दाखवायलेत. तुम्हीच बनवलंय ना हे? चांगलं बनवलंय. आमच्यासारख्या अडाण्याला पण कळतं." तो म्हणाला, "पण ताई, गाडी काय अशी उडी मारते होय? घाटकोपरवरून मुलुंडला, डोळा मिटून उघडेपर्यंत?"

मी हवालदारांना हाक मारली. ते बाहेर आले. जयवंतने उठून त्यांना नमस्कार केला, न मागता ओळखपत्र दाखवले आणि म्हणाला, "साहेब, बहिणीला भेटायला आलोय गावावरून. ताईंच्या ओळखीची आहे." हवालदारांनी जीपमधल्या दोघांचीही ओळखपत्रे बघितली, नावे टिपून घेतली आणि इथे गोंधळ करायचा नाही अशी ताकीद दिली. तो म्हणाला, "गोंधळ कशाला साहेब? घरचा मामला आहे."

मी म्हटले, "तिला भेटायचं असेल तर पोलीस ठाण्यात भेटा. मी तिला घेऊन येते."

तो म्हणाला, "तुम्ही कशाला तसदी घेता? आमचा माणूस सकाळपासून तिच्या गाडीवरच जेवायलाय. दोन भाकरी झाल्या त्याच्या. तिनंच वाढल्या. ओळखलं नाही, लहान असताना बघितलेलं."

मी विचारले की मग तुम्ही इथे कशाला आलात. तो म्हणाला, "तुम्हाला बघायला. आमच्या बहिणीची काळजी कोण घेतंय, बघावं म्हटलं." हे तो अगदी हळू बोलला. त्याच वेळी त्याचा फोन वाजला. त्याने फक्त ऐकले आणि "बरं" म्हणाला. मग मला म्हणाला, "मरोळला राहता ना? ऊन फार आहे, जपून जा." जीप हायवेने ठाणे शहराच्या बाजूला निघून गेली.

मी लगेच चैतन्यला फोन लावला. त्याने उचलला. गाडी चालू असल्याचा आवाज येत होता. ते देवनारच्या पुढे आले होते. मी त्याला सांगितले की सकाळपासून जेवायला बसलेला माणूस त्यांचा होता. शीतल मागून म्हणाली, "मिशीवाला? त्यानं तर मला आशीर्वाद दिला." मी चैतन्यला विचारले, मागे कोणी आहे का बघ. तो म्हणाला, "ताई, मुंबईत मागं कोणी नाही असं असतं का कधी?" मी म्हटले, कुठेही वळू नकोस, समोर दिसेल त्या पोलीस ठाण्यात गाडी घाल. तो म्हणाला, "मावशीची बिल्डिंग दिसायलीय, आलोच आम्ही." त्यानंतर फोन लागला नाही.

हवालदारांनी माझ्यासमोर कंट्रोलला कळवले. मी स्कूटरने आणि प्रांजल साकीनाक्याहून रिक्षाने, असे आम्ही माहुलला निघालो. मी आधी पोचले. गाडी रिफायनरीच्या भिंतीलगत उभी होती. इंजिन चालू होते. फळी पाडलेली होती. चैतन्य मागच्या चाकाशी पडला होता. डोक्याच्या मागच्या बाजूने रक्त येत होते. दोन बायका त्याच्या तोंडावर पाणी मारत होत्या. शीतल तिथे नव्हती.

मी जमलेल्या लोकांना विचारले. एका बाईने सांगितले की दुसरी एक जीप आली होती, तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. ते शीतलचे वडील असावेत. ते शीतलच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडत होते. आई गेली, आई गेली, असे म्हणत होते. शीतलही रडायला लागली. त्या बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं खरंच घरात मयत झाली. तिला उभं राहवत नव्हतं. आम्हीच दोघींनी धरून जीपमध्ये बसवली." चैतन्य पुढे झाला तेव्हा त्याला दोघांनी बाजूला नेले. गाडीच्या आडोशाला काय झाले ते त्यांनी बघितले नाही. हे सांगताना त्या बाईने माझा हात धरून ठेवला होता. तिचे नाव मी विचारले नाही.

प्रांजल आल्यावर आम्ही आणि मावशी वनमाला यांनी चैतन्यला हॉस्पिटलमध्ये नेले. तो आज रोजीपर्यंत शुद्धीवर आलेला नाही. शीतलची आई हयात आहे, असे काल आपल्या ठाण्याने चौकशी केल्यावर समजले.

आज मला आपण एक व्हिडिओ दाखवला. तो शीतलच्या माहेरच्या बाजूने तिथल्या पोलिसांकडे दिलेला आहे. व्हिडिओत बोलणारी स्त्री शीतलच आहे, मी तिला ओळखते. तिने हिरवी साडी नेसलेली आहे. ती सांगते की मी माझ्या मर्जीने घरी आले, मला कोणी आणले नाही, माझे लग्न झालेले नाही, त्या मुलाने मला फूस लावली होती. ती चैतन्यचे नाव घेत नाही. एक एक वाक्य झाले की ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघते आणि मग पुढचे वाक्य म्हणते. बाहेर कुठेतरी एक भांडे पडल्याचा आवाज येतो, तेव्हा ती दचकत नाही. शीतल ही चार महिन्यांची गरोदर आहे. पोटातल्या बाळाबद्दल ती काही बोललेली नाही.

त्यांच्या लग्नाचे प्रमाणपत्र मावशी वनमाला यांनी आपल्याकडे दिलेले आहे.

साळवे यांचे पान आम्ही अ‍ॅपवरून काढले आहे. बाकीच्या गाड्यांचे ठिपकेही सध्या बंद ठेवले आहेत. गाडीवाल्यांचे फोन येतात. त्यांना काय सांगायचे हे अजून ठरलेले नाही.

मी जबाब देताना विचारले की हा जबाब कोणाकोणाला वाचायला मिळतो. आपण सांगितले की खटला उभा राहिला की आरोपींना कागदपत्रांच्या नकला द्याव्या लागतात. मुलुंडच्या बाकावर झालेले बोलणे जबाबात घालू नको असे मला प्रांजलने काल सांगितले होते, कारण घरी आई एकटी असते. मी आईला विचारले. ती म्हणाली, "त्याला आपलं घर ठाऊक हाय म्हणतेस ना? मग आता लपवून काय मिळणार?" म्हणून ते बोलणे जसे झाले तसे मी सांगितले आहे.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, मी तो पूर्ण ऐकला. त्यात एके ठिकाणी 'शीतल ही चार महिन्यांची गरोदर होती' असे लिहिण्यात आले होते. ते माझ्या सांगण्यावरून 'आहे' असे दुरुस्त करण्यात आले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.